दादाने दिलेला एक दिवस

३ फेब्रुवारी

फीडर पुन्हा गेला! म्हणजे कारखान्यांच्या अख्ख्या गल्लीची लाइट गेली. या आठवड्यात तिसऱ्यांदा. पहिला फोन नेहमीप्रमाणे दादाचा. सख्खा भाऊ, पण लाइट गेली की मी त्याची बहीण नसते, ‘वीज कंपनीची बाई’ असते.

त्याचंही खरं आहे. त्याच्याकडे बाटल्यांची झाकणं होतात. लाइट गेली की मशीनमधलं पातळ प्लास्टिक आतल्या आत थिजतं, मग ते खरवडण्यात अर्धा दिवस जातो. बाटलीवाल्याने बजावलंय म्हणे – आणखी एकदा माल उशिरा आला तर दुसरीकडून घेईन. दादाचं तेवढं एकच मोठं गिऱ्हाईक. ते गेलं की कारखाना संपला.

आणि हे सगळं माझ्या सबस्टेशनवर अवलंबून. कपाळ माझं!

५ फेब्रुवारी

दोष केबलच्या जुन्या जॉइंटमध्ये आहे. एक दुरुस्त केला की शेजारचा उडतो. ठिगळावर ठिगळ चाललंय. साहेबांना म्हटलं, एक दिवस लाइट बंद ठेवून सगळे जॉइंट एकदम बदलू. साहेब म्हणाले, आधी कारखानदारांच्या सह्या आण. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची.

८ फेब्रुवारी

कारखानदारांची सभा. सुटीचा दिवस घेऊ म्हटलं, तर सुटीला मशिनी बंद ठेवतो कोण? खोकेवाल्याला पुढचा महिना हवा. बिस्किटवाल्याच्या भट्ट्या थंड होतात. रोज न सांगता जाते ते चालतं, एकदा सांगून घालवायची म्हटलं की आभाळ कोसळतं!

सगळ्यात मोठा आवाज दादाचा. “एक दिवस? माझ्याकडे एक तास नाही!” झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. वाईट वाटलं. सभेत नाही, घरी आल्यावर.

११ फेब्रुवारी

आज गेली नाही. लिहायचीसुद्धा भीती वाटते.

१३ फेब्रुवारी

गेली. भर कामाच्या वेळी. दादाच्या बाजूची केबल शाबूत होती, म्हणून तेवढा भाग वेगळा करून दुसऱ्या फीडरवर टाकला. त्याची लाइट अर्ध्या तासात आली. बाकीच्यांना संध्याकाळ झाली.

बिस्किटवाला दारात येऊन ओरडला, भावाची आधी का! मी त्याला शांतपणे समजावलं की जी केबल चांगली, तिला आधी देतो, नियमच आहे. पण खरं सांगू? नियम उलटा असता तरी माझा हात आधी त्याच बटणाकडे गेला असता.

आणि एवढं करून उपयोग शून्य. प्लास्टिक थिजायला अर्धा तास पुरतो.

दमले. नुसती दमले.

१८ फेब्रुवारी

आईकडे जेवायला गेलो सगळे. वहिनीने दोनदा वाढू का विचारलं, दादाने दोन्ही वेळा नुसती मान हलवली. मी विषय काढलाच नाही. हात धुताना तोच म्हणाला, “घे तुझा एक दिवस. बाकीच्यांना मी बघतो.”

उशिरा का होईना, शहाणपण सुचलं म्हणायचं!

२० फेब्रुवारी

सह्या झाल्या. बिस्किटवाल्याचीसुद्धा!! दादाने त्याला काय सांगितलं देव जाणे.

२४ फेब्रुवारी

झालं एकदाचं. सकाळी लवकर लाइट बंद केली, खड्डे खणले, जॉइंट कापून काढले. आतून काळेठिक्कर. हे इतके दिवस टिकले कसे हेच नवल.

दादा सगळ्यांसाठी चहा घेऊन आला आणि तिथेच विटांच्या ढिगावर बसून राहिला. दिवसभर. म्हटलं, तुला काही काम नाही का? तर म्हणतो, लाइट कुठाय काम करायला! माझी माणसंही हसली. कबूल केलेल्या वेळेच्या आधी लाइट दिली. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं न भांडता एका जागी बसलो होतो. बरं वाटलं.

२ मार्च

एकदाही गेली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. बिस्किटवाल्याने बिस्किटांचा डबा पाठवला! दादाचा मात्र फोन नाही. लाइट आहे म्हटल्यावर बहीण कशाला आठवेल?

४ मार्च

त्या गल्लीचा लोड, म्हणजे विजेचा वापर, रोजच कमी दिसतोय. मीटर बिघडला असेल म्हणून तपासून घेतला. मीटर ठीक आहे. मग वहिनीला फोन केला. म्हणाली, “उरलेला माल संपवला, आणि तुमच्या त्या दिवशी मशिनी बंद केल्या त्या केल्याच. बाटलीवाला आधीच गेला होता हो. हे म्हणाले, आता मला एक दिवस काय अन् दहा काय. निदान तिचं काम तरी होऊ दे.”