शेजारच्या पलंगावरचं हसू

मंगळवार संध्याकाळ, चंदीगड

मुक्ताची आत दबलेली छाती ऑपरेशन करून सरळ केली. त्याच दिवशी शेजारच्या पलंगावरच्या आठ वर्षांच्या सिमरनचीही. सिमरन खदखदून हसते; माझी वीस वर्षांची नात मुक्ता श्वाससुद्धा जपून घेते.

डॉक्टर म्हणाले, "काका, लहानांच्या फासळ्या मऊ असतात. मोठ्यांना जास्त दुखतं."

कळलं. तरी त्या हसण्याचा हेवा वाटतोच. तिच्या आजोबांचाही.

आज मुक्ताला माझ्या शाळेतली माकडाची कविता हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवायला लागलो. ती इथेच वाढलेली, बोलते हिंदीतच.

"आजोबा, हसाओ मत ना, दर्द होता है!"

मी कविता तिथंच थांबवली. पलीकडून सिमरनच्या टाळ्या, "दादाजी, और!"

कविता मुक्तासाठी, आणि हसायचं सिमरननं?

"सुनाओ उसे," मुक्ता म्हणाली. "मैं बिना हँसे सुनूँगी."

सगळी म्हटली. तोंड मात्र मुक्ताकडेच ठेवलं. ती ओठ दाबून ऐकत राहिली.