टीटीवायपी-शून्यचं दुसरं टोक

३ जून
लागली एकदाची नोकरी! दादाने शब्द टाकला आणि मी थेट त्याच्याच ऑफिसात. भाऊ असावा तर असा, असं आई शेजारणीला दोनदा ऐकवून आली. धाकट्या बहिणीने तर आतापासूनच तिचाही नंबर लावून ठेवला. मशीनरूममध्ये थंडी इतकी की दादाने स्वतःचा स्वेटर माझ्या अंगावर टाकला आणि सगळ्यांदेखत ‘ठमे’ म्हणून हाक मारली. ऑफिसच्या मुख्य मॅडम हसल्या. मी लाजायचं सोडून फुशारले. ही रोजनिशी आता इथल्याच मशीनवर लिहायची, जेवणाच्या सुट्टीत.

४ जून
इथे नाना जातींची युनिक्स मशिनं, म्हणजे अनेकांनी एकदम वापरायचे कॉम्प्युटर, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आपण स्क्रीनवर खिडकी उघडली की मशीन एक खोटं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची जागा, देतं. त्याला दोन टोकं. एकातून हुकूम जातो, दुसऱ्यावर बसलेला प्रोग्राम तो पाळतो. त्या बिचाऱ्याला वाटतं, पलीकडे खरा कीबोर्ड आहे. नव्या मशीनवर पाळणाऱ्या टोकाचं नाव पीटीएस आणि पुढे नंबर. खिडकी उघडली की नाव येतं, मिटली की जातं. जुन्यांवर मात्र नावांच्या जोड्या आधीच तयार, पाहुणे येण्याआधी ताटं मांडून ठेवावीत तशा: पीटीवायपी-शून्य हुकमाचं टोक, टीटीवायपी-शून्य पाळायचं.
कोण कुठे बसलंय ते सगळ्या मशीनवर दाखवणारा एकच प्रोग्राम मी लिहायचा आहे. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनची नावं वगळ, असं दादाने बजावलं. तिथे म्हणे कोणी बसत नाही.

१० जून
प्रोग्राम झाला, मॅडम खूश. दादा तर किती हलका दिसतोय! कित्येक महिन्यांनी जेवताना त्याचे हात थरथरले नाहीत, असं आई म्हणाली. माझ्या पायगुणाचं श्रेय मी लगेच घेऊन टाकलं.

१४ जून
नको म्हटलेलं आधी करायचं, हा माझा जुना रोग. जुनी नावंही घातली. कोणी बसत नाही म्हणे! टीटीवायपी-शून्यवर अखंड कोणीतरी आहे, आणि ते माझ्या नावाने. मी त्या मशीनला हातही लावलेला नाही.
मागच्या नोंदी पाहिल्या. मी रुजू झाले त्या सकाळपर्यंत तिथे दादाचं नाव होतं. नंतर माझं. ते बदलण्याचा अधिकार फक्त दादाकडे आहे.
आणि हुकमाच्या टोकाला कोण? ते टोक धरून ठेवलेलं दिसतं. पण तिथे ना माणूस, ना प्रोग्राम. रकाना कोरा.

१७ जून
दादाला विचारलं. आधी हसण्यावारी नेलं, मग दार लोटून घेतलं. म्हणाला, हुकमाच्या टोकाला जे आहे ते मारत नाही, फक्त सांगतं आणि आपल्याकडून होत जातं. बदली माणूस दिल्याशिवाय सोडत नाही. मग मीच का, असं विचारलं. तर म्हणाला, परकं कोणी इतक्या भरवशाने आलं नसतं.
केसाने गळा कापला माझ्या सख्ख्या भावाने. आणि मी त्याचाच स्वेटर घालून त्याच्यापुढे उभी होते. आईला काय सांगू?

१८ जून
राजीनामा लिहायला बसले. आधी स्क्रीनवर अक्षर येतं, मग माझं बोट त्या बटणावर पडतं. आधी अक्षर. मग बोट.
राजीनाम्याऐवजी, मला सुट्टी नको, असा अर्ज झाला. मॅडमना गेलासुद्धा.

१९ जून
कागदावर लिहिणार होते — पेन उचलवत नाही. दादा दारातून बघून गेला. आत आला नाही. किंचाळायचं होतं मला — तोंडातून निघालं, सगळं छान आहे रे.

२० जून
हे वाक्य अजून माझं आहे. आई, दादावर विश्वास —
विश्वास ठेव. दादा फार चांगला आहे. मी मजेत आहे. आपल्या धाकटीलाही इथेच नोकरी लावू, उद्या सकाळी तिला माझ्याकडे पाठव —
नको आई धाकटीला न