चाक फिरलं

रविवार, संध्याकाळ. शिरड शहापूर.

हाताला रॉकेलचा वास येतोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. चाक फिरलं! गोरेगावच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या जुन्या सायकलीचं मागचं चाक गंजून पार अडकलं होतं. आज तेल मुरलं आणि बोटानं ढकलताच फिरलं. किती वेळ फिरत राहिलं! मी वेड्यासारखी बघतच बसले.

हे ओट्यावरून म्हणाले, "तुला चालवता येत न्हाई, मग एवढी तकलीफ काहून?"

खरंच, काहून? लहानपणी भावाची सायकल मी पुसायची आणि चालवायचा तो.

"तुमी मागून धरा," म्हटलं.

"आता? लोक बघतील."

"बघू द्या."

त्यांनी कॅरिअर धरलं. मी पायडल मारलं आणि ते चाक माझ्या पायानं फिरलं, माझ्या! यांचा हात सुटला तरी गल्लीच्या वळणापर्यंत गेले, तिथं तुराट्यांच्या ढिगात पडले. गुडघा सोलला. हे धावत आले. शेजारच्या सुमनताईंनी सायकल उचलली. वाटलं, आता बोलणी बसणार, या वयात काय हे म्हणून. त्यांनी पदर खोचला.

"भाऊजी, धरा बराबर. आता मी बसते."