सातवा काटा

३ तारीख
आलो एकदाचा! दोन खोल्यांचं क्वार्टर, नळाला भरपूर पाणी. ही खूश, आणि चार वर्षांची आमची चिंगी तर पलंगावर उड्या मारमारून पार दमली. कामाचं तर काय सांगू! देशाचा पहिलावहिला प्रायोगिक उपग्रह, आणि त्याच्या मोजमापांचे काटे वाचायला कोण, तर मी! तो डोक्यावरून जातो तेवढ्या वेळात त्याची ख्यालीखुशाली विचारायची. त्याचं हुबेहूब जुळं केंद्राच्या हॉलमध्ये टेबलावर ठेवलंय. वरच्याला कुठलीही आज्ञा द्यायची तर आधी ती खालच्याला देऊन बघायची, अशी इथली शिस्त. खालचा दगावला तर चालेल, वरचा नको, असं साहेब म्हणाले.

६ तारीख
दोघांचे काटे शेजारी शेजारी आहेत. सातवा तापमानाचा. वरच्यात त्याची वायर घाईगडबडीत जोडायचीच राहिली, त्यामुळे तो कायम शून्यावर. माझा जोडीदार दाढीवाला त्याला 'घरजावई' म्हणतो. नुसता बसून असतो, काम काही नाही. हसून हसून पोट दुखलं.

९ तारीख
रविवार म्हणून दोघींना हॉल दाखवला. खालच्या उपग्रहातून तापमान मोजायचा एक मणी वायरीला लोंबतो. चिंगीने तो मुठीत धरला, खालचा सातवा काटा चढला, आणि पोरगी खदखदून हसली. सोडायलाच तयार नाही! तेवढ्यात वरचा डोक्यावर आला. त्याचाही सातवा काटा उठला आणि सदतीस अंशांवर थांबला. अरे, वायरच नाही तर कसा? दाढीवाला म्हणाला, जावईबापू कामाला लागले. मला मात्र हसू आलं नाही.

११ तारीख
चिंगी आजारी. मध्येच अंग चटका बसेल इतकं तापतं, मध्येच बर्फासारखं गार. असा ताप आपण पाहिला नाही, असं डॉक्टर म्हणाले. ही रडून रडून अर्धी झाली.

१२ तारीख
घरी फोन करकरून पडताळून पाहिलं. वरचा उन्हात असला की चिंगी तापते, पृथ्वीच्या सावलीत गेला की गार पडते. वरच्याचा सातवा काटा आणि तिचा थर्मामीटर, दोन्हीकडे एकच आकडा. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, रजा घे, झोप काढ. उपग्रह तसाही खाली येतोय, परवा हवेत शिरून जळून जाईल, पुढचा मोठा तयारच आहे. ते खुशीत होते. तो जळणार, मग चिंगीचं काय?

१३ तारीख
वरचा बंदच करून टाकायचं ठरवलं. शिस्तीप्रमाणे आधी खालचा बंद केला. लगेच घरून फोन, चिंगीचा श्वास थांबला. धावत जाऊन चालू केला, तेव्हा कुठे रडली. देवा रे, माझ्या या हातांनी—

दुपारी चिंगीने धरला होता तसा मणी स्वतःच्या मुठीत धरून पाहिला. हुडहुडी भरली. ही फोनवर सांगत होती, ताप उतरला, पोर खायला मागतेय. आनंदाच्या भरात मूठ जरा सैल झाली. फोनमधून किंकाळी. पुन्हा आवळली, पुन्हा सगळं शांत. आता कळलं. मणी मुठीत आहे तोवर वरच्याचं तापणं-गारठणं माझ्यावर. सुटला की तिच्यावर.

१४ तारीख
डाव्या हाताने लिहितोय. उजव्या मुठीवर चिकटपट्टी गुंडाळलीय. दाढीवाला फोन कानाशी धरून बसलाय. चिंगी खेळतेय म्हणे.

वरचा शेवटच्या फेरीत डोक्यावर आलाय, फार खाली. काटा चढतोय. घाम सुकला. जीभ लाकूड—

दाढीवाला हातावर पाणी ओततोय. वाफ निघते. त्याला म्हटलं मला सोड, घरचं विचार. हसतेय म्हणाला. बास. हसू दे.

काटा टोकाला. चिकटपट्टी वितळली. सोडायचं नाही. काही झालं तरी—

करंगळी उघडली. बोटं ऐकत नाहीत. दाढीवाल्या, दोरी आण, बांध ही मूठ, बांध, फोनमध्ये ती ओर—