गळ्यातली जोडवी

आत्याबाई,

आज सकाळी अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघितलं आणि तुमची आठवण आली. पायानं बघायचं नाही, पायाला खरं कळत नाही, हे तुम्हाला रोज सांगता सांगता माझंच पाठ झालं होतं. आता माझ्याही रक्तात साखर निघाली आहे. सून सासूच्या वळणावर गेली म्हणून तुम्ही खूश झाला असता.

अजून डोळ्यांसमोर येतं, पूर्णेच्या त्या रेल्वे क्वार्टरच्या दारात तुम्ही पाटावर बसलेल्या असता आणि मी तुमचे पाय धुते. बोटांच्या सापटीतलं पाणी मामंजींच्या जुन्या मऊ धोतरानं टिपते, टाचांना खोबरेल चोळते. सापटीत मात्र तेल नाही. तिथं ओल राहिली की कातडी सडते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. छातीखाली घाम साचू नये म्हणून पावडर लावायची. त्या डब्यावरचं तुम्ही मला वाचायला लावायचात. मी स्टेशनच्या पाट्या बघून अक्षरं जुळवायला शिकलेली. अडखळत 'सुगंधी' एवढं वाचलं की तुम्ही म्हणायचात, "वास मला न वाचताच यायलाय. फुडं वाच."

अशाच एका दुपारी तुमच्या उजव्या पायाच्या जोडव्याखाली मला लाल, ओलसर चीर दिसली. बोट सुजलं होतं आणि चांदी आत रुतली होती. दुखतच नाही तर जखम कशाची, असं तुमचं म्हणणं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी बंद होत्या, म्हणून आपण दोघी आगगाडीनं परभणीला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखत नाही हीच भीती आहे. जोडवी आजच्या आज काढा, नाहीतर पुढं बोट काढायची पाळी येईल.

"बोट काढा बाई," तुम्ही शांतपणे म्हणालात. "जोडवं न्हाई निघायचं. मालक जिते हायत माझे."

"मग जोडवं घालणार कशात, आजी?"

त्यावर तुम्ही हसलात, त्या हसल्या, मीही हसले. पण जोडवी तशीच पायात घेऊन आपण घरी आलो. गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता आणि मी तुमच्या त्या बोटाकडे. तुम्हाला अहेव जायचं होतं, मला तुम्ही दोन पायांवर चालायला हव्या होतात.

मामंजींसमोर मी कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी दाराआड उभं राहून सगळं सांगितलं. ते जेवत होते. भाकरी संपवली, हात धुतला, साबणाची वडी आणि तांब्या घेतला आणि सरळ तुमच्या पायाशी येऊन बसले. तुम्ही पाय आखडून घेतलेत.

"अवं, पाय शिवू नका. पाप लागंल मला."

"मला काय जोडव्यानं जितं ठिवलंय? तुझ्या भाकरीनं ठिवलंय. गप बस."

फेस करून, हळूहळू फिरवत, रेल्वेत लोखंड उचलून राठ झालेल्या त्या हातांनी त्यांनी दोन्ही जोडवी काढली. तुम्ही पदरात तोंड खुपसलं होतं आणि खांदे हलत होते. मला वाटलं, रडताय. पदर बाजूला झाला तर तुम्ही लाजून हसत होता, नव्या नवरीसारख्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तुम्ही त्यांच्या नाकाशी हात धरून बघत होता. मामंजी जागे होते. त्यांनी मुद्दाम श्वास रोखून धरला. तुमची किंकाळी ऐकून मी धावत आले, तोवर ते उठून बसले होते. "हाय, हाय मी," ते म्हणाले. "चहा ठिवा."

ज्वारीची काढणी होईतो जखम भरून आली. ती जोडवी तुम्ही मंगळसूत्रात ओवलीत. पायातली वस्तू गळ्यात कशी काय, असं शेजारणीनं विचारलं, तर मामंजींना ऐकू जाईल अशा बेतानं तुम्ही म्हणालात, "ह्यांना तीस वरसांत बढती मिळाली न्हाई. माझ्या जोडव्याला एका दिसात मिळाली." मामंजींनीच ते स्टेशनभर सांगितलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, हवं होतं तशाच तुम्ही गेलात, अहेव आणि दहाही बोटांनिशी. बायकांनी तुमच्या पायात नवी जोडवी घातली, जुनी मामंजींनी माझ्या हातावर ठेवली. नंतर मामंजी गेले, मग तुमचा लेक. त्या दिवशी बायकांनी माझी जोडवी काढली. ते दुःख जिथल्या तिथं आहे. मी त्याच्या बाजूनं वाट काढून रोजची कामं करते.

हे पत्र टाकायला पेटी नाही. आणि असती तरी तुम्हाला वाचता कुठं येत होतं, मीच वाचून दाखवलं असतं. एक सांगायचं राहिलं. तुमची जोडवी ट्रंकेत जपून ठेवली आहेत असं मी सगळ्यांना सांगते. ती ट्रंकेत नाहीत. दोऱ्यात ओवून पोलक्याच्या आत घालते. माझ्यासारखीनं घालू नयेत, ठाऊक आहे. रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून पायांचे तळवे बघायला वाकले की ती बाहेर येतात आणि काचेवर टकटक करतात. मी म्हणते, बघायलेय हो, आत्याबाई, बघायलेय.