चर्र वाजणारं पान

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गुडघे कसे आहेत? माझं ठीक चाललंय. वाचनालयाच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत आता आम्ही दोघीच उरलोय, पण काम रेटतोय. आईचं घड्याळ मागितलं आहेस, त्याकडे येतेच.

गेल्या आठवड्यात मुलांच्या जुन्या पुस्तकांचं एक खोकं आलं, कुणीतरी देऊन टाकलेलं. शिवण उसवलेली पुस्तकं मी वेगळी काढत होते. एका चित्रांच्या पुस्तकाचं मधलं पान उघडेना. हलकेच ओढलं, तर चर्र वाजलं. ताई, माझे हातच थांबले.

तुला आठवत असेलच. लहानपणी आपल्या चित्रांच्या पुस्तकातलं हत्तीचं पान फाटलं तेव्हा बाबांनी त्या जागी स्वतः हत्ती काढून दिला होता, दुकानांच्या पाट्या रंगवायच्या तेलरंगात. कागदावर तो रंग कधी नीट वाळलाच नाही. हत्ती दर वेळी समोरच्या पानावरच्या तळ्याला चिकटायचा, आणि "आज चर्र मी करणार" म्हणून मी हटून बसायचे.

बाबा गेले आणि पुस्तक हरवलं. मी ते बसमध्ये विसरले, असं तू आईला सांगितलंस. मी इतकी लहान होते की मलाही ते खरं वाटलं. मग घरात जन्मभराचा विनोदच झाला, "हिच्या हातात काही देऊ नका गं." किल्ल्या तुझ्याकडे, कपाट तुझ्याकडे. शेवटी दवाखान्यातसुद्धा आईनं मला विचारलं, "बाबांचा हत्ती कुठे टाकलास गं?" तू उशाशी बसून तिचे केस विंचरत होतीस.

खोक्यातून आलेल्या त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझ्या लेकाचं नाव आहे. अक्षर तुझं.

हवं होतं तर ठेवायचंस. बाबा तुझेही होते, मी समजून घेतलं असतं. पण आईला तरी सांगायचंस. राग त्याचा आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

तू लिहितेस, "तुझ्याकडे वस्तू टिकत नाहीत, घड्याळ पाठवून दे." ते माझ्या मनगटावर आहे, चालू आहे, आणि तिथेच राहील.

पुस्तक मी नव्यानं शिवून, पुठ्ठा चढवून मुलांच्या फळीवर ठेवलंय. बघावंसं वाटलं तर ये, तिथेच बसून वाच. घरी न्यायला मिळणार नाही. तुझ्याकडे गेलेली वस्तू परत यायला फार वर्षं लागतात.

आईच्या लेखी शेवटपर्यंत वेंधळीच राहिलेली,
तुझी धाकटी