अभिमन नानांच्या खात्यावरून

१६ एप्रिल, पारोळा

माझं सगळं बदललं ते आज, मालक रतिलालभाऊंनी कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसची किल्ली माझ्या हातावर ठेवली तेव्हा. धुळ्याहून एस.टी.त बसलो तो कॉलेज अर्धवट सोडलेला, घरच्यांच्या मनातून उतरलेला योगेंद्र. पारोळ्याच्या स्टँडवर उतरलो तो ऑफिसचा माणूस.

जागा झकास आहे. ऑफिसच्या मागे राहायला खोली, पंखा, माठ. कापसाचा हंगाम संपला, त्यामुळे मशिनी बंद आहेत. आवारात थोड्या गाठी उरल्यात आणि सरकीचा वास. काम म्हणजे मेल पाठवणं. भाऊंनी खुर्चीत बसवून समजावलं. कॉम्प्युटरवर तीन खाती एकाच वेळी उघडी असतात. बँकेला आणि सरकारी ऑफिसांना जिनिंगच्या खात्यावरून लिहायचं. नातलग-भागीदारांना भाऊंच्या खात्यावरून. आणि गुजरातच्या जुन्या पार्ट्यांना अभिमन नानांच्या खात्यावरून.

नाना कुठे बसतात, असं मी विचारलं. भाऊ म्हणाले, याच खुर्चीत बसायचे आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी भर दुपारी याच खुर्चीत गेले. पार्ट्यांना कळवलंच नाही. त्या सगळ्या नानांच्या शब्दावर माल उचलणाऱ्या. “बाजारात माणूस नाही चालत भो, नाव चालतं.”

मला हसू आलं. चालवू की नाव. आपल्या बापाचं काय जातं?

चौथं खातं मी माझं जोडलं, भूमिकासाठी. ही रोजनिशीही त्यातच मसुदा म्हणून ठेवतोय.

१८ एप्रिल

भूमिकाचं लिहून टाकतो, म्हणजे डोकं हलकं होईल. जळगावला आम्ही एका वर्गात होतो. एक जण तिच्याशी हसून बोलला म्हणून मी त्याला धुतला. त्याचं नाक फुटलं, माझं कॉलेज सुटलं. भूमिकानं माझा नंबर बंद करून टाकला. मैत्रिणीकडून निरोप आला, की बोलायचं असेल तर मेल लिही, मेल लिहिताना तरी माणूस दोन मिनिटं विचार करतो.

मी पाच मेल लिहिले. एकाचंही उत्तर नाही. विचार करूनच लिहिले होते, पण शेवटी शेवटी हात सुटतो.

काम मात्र हाताला बसलं. कुणाचं नाव टाकलं की त्याला मागच्या वेळी ज्या खात्यावरून लिहिलं, तेच खातं प्रेषक म्हणून आपोआप वर येतं. चांगली सोय आहे. चुकायला जागाच नाही.

२३ एप्रिल

चुकलो. डोकं फिरलेलं होतं. जळगावचा एक मित्र म्हणाला, भूमिका हल्ली खूश दिसते. खूश! ताबडतोब मेल ठोकला. काय काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाठवलं आणि मग प्रेषकाकडे बघितलं. अभिमन नाना. त्याच्या आधी चंदनभाईला, गुजरातमधल्या कडीच्या पार्टीला, लिहिलं होतं; खातं आपोआप बदलायला हवं होतं, बदललं नाही आणि मी बघितलं नाही.

म्हणजे माझ्या शिव्या नानांच्या नावानं गेल्या. आता भूमिका कायमची गेली.

२४ एप्रिल

उत्तर आलंय. पहिल्यांदा. भूमिका म्हणते, हे आजोबांच्या काळातलं नाव कुठून आणलंस, पण या नावानं का होईना, शहाण्यासारखं लिहिलंस. वाचून रडू आलं म्हणते.

पाठवलेला मेल उघडून बघितला. मी लिहिलेलं त्यात काहीच नव्हतं. असं होतं: “माझ्या बोलण्यात कचरा फार निघाला, हे मान्य आहे. तेवढी घट धरावी आणि बाकीचं खरं समजावं. उत्तराची घाई नाही. कळावे. योगेंद्र.”

घट धरणं म्हणजे खराब कापसाचं वजन कापून घेणं, हे मला इथे येऊन कळलं. मी असं कधी लिहिलं? लिहिलं असेन. रागात माणसाला काय आठवतं. आलेलं उत्तर खोटं नाही ना, मग झालं.

२९ एप्रिल

आता रोज उत्तर येतं. भूमिकाचं नाव टाकलं की प्रेषक नानाच येतात, मी बदलत नाही. मी रागात लिहितो, तिकडे गोड पोचतं. दोन-तीनदा नुसतं “काय चाललंय” लिहिलं, तर तिला पानभर मिळालं. मी विचारलेलंही नाही ते ती सांगते. तिच्या आईचं दुखणं, परीक्षेची भीती. मला यातलं काही माहीत नव्हतं. नानांनी विचारलं असणार.

लिहिताना हात थांबला. नानांनी म्हणजे?

असो. ती परत आली, एवढं पुरे.

४ मे

उन्हाचा कडाका आहे. दुपारी गावात चिटपाखरू नसतं, दारं लावून सगळे आडवे. मी खुर्चीतच डुलकी काढतो. जागा झालो की पाठवलेल्यांत मेल असतात. पार्ट्यांना, भूमिकाला.

सकाळी ट्रकवाल्यानं फाटकात आईवरून शिवी दिली. मी म्हणालो, असो. ट्रकवालाच चपापला. मीही. त्याच्या अंगावर जायला हवं होतं. छातीत आग शोधली, सापडली नाही.

झाडायला येणाऱ्या सुमनबाईंनी केर काढता काढता मला म्हटलं, नाना, पाय उचला. मग जीभ चावली. म्हणाल्या, “तू बी तसाच बठस रे भाऊ.” नानांसारखाच बसतो म्हणे मी. हसायचं होतं मला. त्या हसत नव्हत्या, म्हणून नाही हसलो.

९ मे

हात गार पडलेत. बाहेर डांबर वितळतंय आणि मी हात काखेत धरून बसलोय.

दहा बोटांनी टाइप करायचो. आता एकाच बोटानं होतं. उजव्या हाताच्या. भाऊ मात्र खूश आहेत, म्हणाले, तुझं पत्र थेट नानांसारखं उतरतं, पगार वाढवतो.

भूमिकाला माझ्या खात्यावरून लिहून पाहिलं. प्रेषक स्वतः बदलला आणि तीनदा तपासला. पाठवताना पुन्हा नाना.

१२ मे

आता माझ्या खात्यावरून मेल जातायत. मी न लिहिलेले. भूमिकाला लिहिलंय, एकदा पारोळ्याला येऊन भेटावं, तोंडानं माफी मागायची आहे. ती हो म्हणाली. सोळाला येते, जळगावच्या बसनं. लिहिते, तू बदललास योगेंद्र, आता मला तुझी भीती वाटत नाही.

मला वाटते.

तिला भेटायला जो जाईल तो मी नसेन. हे लिहिताना वेड्यासारखं वाटतंय, पण मला पक्कं कळलंय. दोन वर्षं पार्ट्यांनी नानांना जिवंत धरलंय. ते गेल्याचं कुणाला कळवलंच नाही, मग ते जातील कशाला? आणि मी आयता रोज त्यांच्या जागी बसतोय.

१३ मे

ठरवलं, की सगळ्यांना कळवून टाकायचं. पार्ट्यांची नावं टाकली आणि लिहिलं, अभिमन नाना दोन वर्षांपूर्वी वारले, आता त्यांना लिहू नका. नोकरी गेली चुलीत. पाठवताना प्रेषक माझा होता, डोळ्यांनी बघितला.

तासाभरात चंदनभाईचं उत्तर. नानांशी आत्ताच मेलवर बोलणं झालं, ठणठणीत आहेत. ऑफिसातलं पोरगं डोक्यानं गरम आहे, मनावर घेऊ नका, असं तेच म्हणाले. शेवटी एक ओळ होती:

तू कोण?

बाकीच्यांचंही तेच. सगळ्यांचं. तू कोण, तू कोण.

१४ मे

भूमिकाला फोन केला. माझा नंबर तिनं बंद केलेला, म्हणून सुमनबाईंच्या फोनवरून. नीट सांगायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, मेलमध्ये तर किती छान बोलतोस — आणि ती आग आली. इतक्या दिवसांनी आली. ओरडलो. ते मेल माझे नाहीत, येऊ नकोस, आलीस तर तंगडं मोडीन — असं बोललो मी. भीतीनं बोललो.

तिनं फोन ठेवला.

बरं झालं. आता येणार नाही.

१४ मे, दुपार

माझ्या खात्यावरून तिला मेल गेलाय. “मघाशी पुन्हा कचरा निघाला. हा शेवटचा. भेटीत बोलू.”

तिचं उत्तर. येते म्हणाली.

१५ मे

धुळ्याला पळायचं म्हणून स्टँडवर गेलो. बसमध्ये चढलो, नक्की चढलो — आणि डोळे उघडले तर खुर्चीत. समोर मेल उघडा. अर्धा लिहिलेला.

भाऊंना सांगितलं. ते ऐकत होते, माझ्याकडे बघत. मग म्हणाले, नाना, जेवून घ्या. त्यांनाच कळलं नाही काय म्हणाले ते.

ही रोजनिशी माझ्या खात्यात नाहीये. शोधली. नानांच्या मसुद्यांत सापडली, सगळी, पहिल्या दिवसापासून. माझ्या खात्याचा पासवर्ड लागत नाही. चुकीचा म्हणतो —

१६ मे

उठता येत नाही. पाय आहेत, दिसतात, पण —

सुमनबाई आल्या. खुर्चीखालून झाडू फिरवला. पाय उचला म्हणाल्या नाहीत. मी हाक मारली. दोनदा. त्यांनी माठ भरला आणि गेल्या.

मागे माझ्या खोलीत कोणीतरी आंघोळ करतंय.

ऊन दारापर्यंत आलंय. बस येण्याची वेळ —

तो बाहेर आला. माझा निळा शर्ट, माझे केस, ओले, भांग पाडलेले. मी कधी भांग पाडत नाही. फोन वाजला. माझ्याच आवाजात म्हणाला, हो भूमिका, निघालोच, उन्हात उभी राहू नकोस. किती शांत बोलतो. मला असं कधी का नाही —

माझ्याकडे बघितलं त्यानं. रागानं नाही. कामावरून सुटलेला माणूस बघतो तसं. म्हणाला, चंदनभाईचं उत्तर राहिलंय, तेवढं बघून घे बेटा.

भूमिका, तो मी नाही, तुझ्या पत्त्यावर टाकतोय हे, प्रेषक कोणीही दिसला तरी वाच, तो —

चपला घातल्या. माझ्या. उंबरा ओलांडला.

दार ओढून घेतोय. फट राहिली आहे अजून, उन्हाची एक रेघ, भूमि